धुळीच्या मुलखातली बिनधुळीची खोली

आज आपण खानदेशात जायचं आहे. तेही भर मे महिन्यात! आता तुम्ही म्हणाल, "मे महिन्यात कुणी खानदेशात जातं का? तिथे तर पारा ४५ अंशांच्या वर जातो!" अगदी बरोबर. म्हणूनच जायचं. डोक्याला रुमाल बांधा, पाण्याची बाटली भरून घ्या आणि चला.

मुंबईकडून निघालेली गाडी मनमाड सोडते आणि नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा अशी एकेक स्टेशनं मागे टाकत जळगावला येते. खिडकीतून येणारा वारा भट्टीतून आल्यासारखा लागतो. बाहेर नांगरून ठेवलेली काळी कसदार जमीन दिसते. पाऊस पडला की हीच जमीन कापूस पिकवते. पण आत्ता ती सुकून भेगाळली आहे, आणि वारा सुटला की तिचीच पूड होऊन आभाळात चढते. जळगावात उतरलात की अंगावरून बोट फिरवून पाहा, बोटाला धूळ लागलेली असेल. या भागात जिनिंगचे कारखाने आहेत, तिथे हंगामात कापसाचे तंतू उडतात. जळगाव डाळीसाठी प्रसिद्ध, तेव्हा डाळ मिलांतून टरफलांची भुकटी उडते. थोडक्यात काय, हवेत काही ना काही तरंगतंच आहे.

आणि गंमत पाहा, याच मुलखात काही खोल्या अशा आहेत, की जिथे धुळीचा कण आत येऊ नये म्हणून माणसं वर्षभर जिवाचं रान करतात. आज आपल्याला किल्ले बघायचे नाहीत की लेणी बघायची नाहीत. आज या खोल्या बघायच्या आणि त्या सांभाळणारी माणसं.

केळीची बाळं बाटलीत

जळगाव म्हटलं की केळी आठवतात. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत गेलात, तर मैलोगणती हिरव्यागार बागा दिसतील. रावेर-सावद्याच्या स्टेशनांवरून केळी भरून थेट दिल्लीपर्यंत गाड्या गेल्या आहेत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण केळं खाताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? त्यात पेरता येईल असं बी नसतं. मग नवी बाग लावायची कशी? पूर्वापार पद्धत अशी, की जुन्या झाडाच्या बुंध्याशी जे पिलू फुटतं ते काढायचं आणि नव्या शेतात लावायचं. त्याला शेतकरी 'मुनवा' म्हणतात. पण या मुनव्याबरोबर जुन्या शेतातले रोग आणि मुळांतल्या सूत्रकृमीही नव्या शेतात फुकटात येतात.

यावर उपाय निघाला ऊतीसंवर्धनाचा. सगळे त्याला 'टिश्यू कल्चर' म्हणतात. जळगावात जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळांमुळे हे नाव केळीच्या शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आलं. (या उद्योगाची एक जुनी हकिगत सांगण्यासारखी आहे. भवरलाल जैन यांनी १९७८ साली केळीच्या पावडरीचा एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून 'पपेन' बनवायला सुरुवात केली. हे पपेन पचनाच्या औषधांत वापरतात. म्हणजे शेत आणि औषध यांची सोयरीक इथे जुनीच!)

ऊतीसंवर्धनात केळीच्या कोंबाचा अगदी छोटा तुकडा घेतात आणि काचेच्या बाटलीत ठेवतात. बाटलीत असते क्षार, साखर आणि वाढीची द्रव्यं घातलेली जेलीसारखी खीर. तुकड्याला तिथे नवे कोंब फुटतात. ते कापून पुन्हा दुसऱ्या बाटल्यांत ठेवायचे. असं करत करत एकाची शेकडो रोपं होतात.

पण साखर म्हटली की मुंग्या आल्याच! इथे मुंग्या नाहीत, बुरशी. हवेतला बुरशीचा एक बीजाणू बाटलीत पडला, तरी केळीच्या बाळाच्या आधी तोच सगळी खीर फस्त करतो. म्हणून कापायचं काम गाळलेल्या हवेच्या झोतासमोर बसून करतात. अशा प्रयोगशाळांत हे काम बहुतेक मुली आणि बायका करतात. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. चिमटा आणि सुरी प्रत्येक वेळी कडक तापवून जंतूविरहित करायची, गार होऊ द्यायची, मगच कोंबाला लावायची. पुन्हा तापवायची, पुन्हा लावायची. दिवसभर हेच.

हा चिमटा लक्षात ठेवा हं. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

जळगावात हाफकिनचं नाव

केळीच्या बाटलीत बुरशी शिरली, तर एक रोप जातं. पण औषधाच्या बाटलीत जंतू शिरला तर?

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीने कारखाना थाटला. तिचं नाव 'हाफकिन अजिंठा फार्मास्युटिकल्स'. मुंबईच्या सरकारी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाची ती उपकंपनी. यातलं 'अजिंठा' तुम्हाला लगेच कळलं असेल, कारण अजिंठ्याची लेणी जळगावहून जवळ आहेत. पण हाफकिन कोण?

वाल्देमार हाफकिन हे १८६० साली ओडेसा शहरात जन्मलेले शास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी रात्रंदिवस खपून प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ या दिवशी तिची पहिली सुई त्यांनी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळला त्यांची मोठी प्रयोगशाळा झाली आणि तिथून लाखो लोकांसाठी लस बाहेर पडू लागली.

प्लेगने खानदेशालाही सोडलं नव्हतं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तुम्हाला पाठ्यपुस्तकातून माहीत आहेत. त्यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं होतं. तेव्हा लस म्हणजे घराघराच्या जिवाशी निगडित गोष्ट होती.

आणि त्याच लसीच्या एका बाटलीने घात केला.

मालकोवालची बाटली

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मालकोवाल हे गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. काही दिवसांत त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. चौकशीत दिसलं, की हे एकोणीसही जण एकाच बाटलीतल्या लसीचे होते. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं.

बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतून आलेली. तेव्हा सरकारने नेमलेल्या आयोगाने बोट दाखवलं प्रयोगशाळेकडे, म्हणजेच हाफकिन यांच्याकडे. त्यांचं पद गेलं. ज्या माणसाने स्वतःच्या अंगावर लस तपासली होती, त्याच्यावर निष्काळजीपणाचा डाग लागला.

पण पुरावे नीट वाचणाऱ्यांना एक साधी गोष्ट दिसली. मालकोवालमध्ये बाटलीचं बूच काढताना एका सहायकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो उचलून, नीट जंतूविरहित न करता, त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत! बाटलीत ते मुंबईतच शिरले असते, तर इतके दिवसांत लस नासून तिला घाण वास आला असता. पण बाटली उघडली तेव्हा तसा वास नव्हता. मलेरिया डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हे सगळं जगापुढे मांडलं, आणि हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. १९२५ साली मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचंच नाव देण्यात आलं.

आता एक विचार करा. चिमटा पडला, यात कुणाचा मोठा गुन्हा झाला? चिमटा कुणाच्याही हातून पडतो. पण त्या क्षणी कुणीतरी म्हणायला हवं होतं, "थांबा! हा पडला होता. दुसरा घेऊ." एवढं एक वाक्य बोललं गेलं असतं, तर एकोणीस माणसं वाचली असती. आजच्या औषध कारखान्यांतल्या स्वच्छ खोल्यांमागे जी शिस्त आहे, तिचं मर्म या एका वाक्यात आहे.

खोलीची वार्षिक परीक्षा

चला, आता अशा एका खोलीत जाऊ. म्हणजे कल्पनेनेच बरं का! कारण खऱ्या खोलीत पाहुण्यांना सोडत नाहीत, फार तर काचेतून बघू देतात. जिथे इंजेक्शनं किंवा डोळ्यांत घालायचे थेंब भरतात, अशा कारखान्यातली खोली आपण घेऊ.

या खोलीला कारखान्यातले लोक 'क्लीनरूम' म्हणतात. आधुनिक क्लीनरूम सुचली अमेरिकेतल्या विलिस व्हिटफिल्ड या शास्त्रज्ञाला, साधारण १९६० च्या सुमारास. त्याआधी लोक खोली पुन्हा पुन्हा पुसून स्वच्छ ठेवायचे. व्हिटफिल्डने विचार केला, की झाडू मारायचं काम हवेलाच दिलं तर? छतातून गाळलेली हवा एकसारखी खाली सोडायची, म्हणजे ती कण बरोबर घेऊन जमिनीलगतच्या जाळ्यांतून बाहेर जाईल. किती सोपं!

हवा गाळायला असतो 'हेपा' फिल्टर. ०.३ मायक्रॉनचे १०,००० कण त्याच्यावर आदळले, तर त्यांतले फार तर ३ पलीकडे जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. अर्ध्या मायक्रॉनचे कण ओळीने मांडले, तर केसाच्या रुंदीत १४० कण बसतील! आणि इंजेक्शन जिथे उघडं असतं, त्या जागी एक घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे असे ३,५२० पेक्षा जास्त कण चालत नाहीत. जळगावच्या रस्त्यावरची हवा मोजली तर? आकड्यांपुढची शून्यं मोजताना दमाल.

ही खोली एकदा बांधली की झालं, असं नसतं. फिल्टरला चीर पडते, पंखा दमतो, दाराचं रबर झिजतं. म्हणून ठरलेल्या मुदतीने खोलीची पुन्हा परीक्षा घ्यावी लागते. कमी नाजूक खोल्यांची वर्षातून एकदा, आणि जिथे औषध उघडं असतं तिथली सहा महिन्यांनी, अशी रीत जगभर आहे. या परीक्षेला 'रिव्हॅलिडेशन' म्हणतात. त्या दिवसांत उत्पादन बंद असतं आणि कारखान्यातले सगळे विभाग एका खोलीभोवती गोळा होतात.

उत्पादन विभाग खोली रिकामी करून देतो. इंजिनिअरिंगवाले हवेची यंत्रणा तपासतात, बाहेरच्या बाजूचे जाड फिल्टर काढून धुतात किंवा बदलतात. खानदेशात हे काम किती महत्त्वाचं, ते सांगायला नको. उन्हाळ्यातली वावटळ आणि हंगामातला कापूस यांच्याशी पहिली गाठ या जाड फिल्टरांचीच पडते. मग गुणवत्ता विभाग येतो, हातात कागदांची जाडजूड फाइल घेऊन. ज्या यंत्राने मोजायचं, ते यंत्र बरोबर मोजतं याचा दाखला आहे का, हे तो आधी बघतो. मोजपट्टीच वाकडी असेल, तर रेघ सरळ कशी येणार?

पहिला पेपर गणिताचा. खोलीतली हवा तासात किती वेळा बदलते? समजा खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. म्हणजे ६० घनमीटर हवा. ती तासाला २० वेळा बदलायची, तर पंख्याने तासात १,२०० घनमीटर हवा ढकलायला हवी. फिल्टरखाली वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र धरून एक जण आकडा मोठ्याने वाचतो, दुसरा तो लिहितो, तिसरा गुणाकार पडताळून बघतो.

वर एक, खाली एक

दुसरा पेपर मला सगळ्यांत आवडतो. फिल्टरला गळती आहे का, हे बघायचं असतं. त्यासाठी एक जण छताच्या वर, यंत्रांच्या मजल्यावर जातो. मे महिन्यात तिथे काय उकाडा असेल, याची कल्पना करा! तो फिल्टरच्या वरच्या बाजूला तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं सोडतो. खाली खोलीत दुसरा जण पायरीच्या घोडीवर चढून, फिल्टरच्या तळाशी नळी धरून, ती इंच-इंच फिरवतो. नळीला जोडलेलं यंत्र धुकं हुंगतं. वर जेवढं धुकं आहे, त्याच्या ०.०१ टक्क्याहून जास्त खाली सापडलं, की फिल्टर नापास.

गंमत अशी, की हे दोघे एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये छत असतं. सगळा कारभार आवाजावर.

"दादा, सोडलं का?"

"सोडलं, भाऊ. पुरेसं आहे का बघा."

"हो, आता स्थिर झालं. मी सुरू करतोय."

वरच्याने धुकं कमी सोडलं आणि "पुरेसं आहे" असं ठोकून दिलं, तर खालच्याला गळती सापडणारच नाही. खालच्याने घाईने नळी भराभरा फिरवली, तरीही सापडणार नाही. दोघांपैकी एकानेही कंटाळा केला, तरी कागदावर फिल्टर 'पास' होईल! म्हणजे वरच्याचा भरवसा खालच्यावर, खालच्याचा वरच्यावर, आणि दोघांवर भरवसा ठेवणार ती दूरच्या दवाखान्यातली आजारी मुलगी, जिला या दोघांची नावंही कधी कळणार नाहीत.

तिसरा पेपर दाबाचा. स्वच्छ खोलीतला हवेचा दाब शेजारच्या कमी स्वच्छ खोलीपेक्षा साधारण १० ते १५ पास्कलने जास्त ठेवतात. १० पास्कल म्हणजे पाण्याच्या जेमतेम १ मिलिमीटर थराचा दाब! पण तेवढ्यानेही दार उघडलं की हवा आतून बाहेर जाते, बाहेरून आत येत नाही. धूळ दारातच अडते. म्हणून अशा खोल्यांच्या पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं एकदम उघडत नाहीत.

मग धूर सोडून हवेची दिशा बघतात आणि तिचं चित्रीकरण करतात. खोली मुद्दाम घाण करून ती किती मिनिटांत पुन्हा स्वच्छ होते, तेही मोजतात. पंधरा-वीस मिनिटांत व्हायला हवी. आणि कण मोजणारं यंत्र दोनदा फिरतं. एकदा खोली रिकामी असताना, एकदा माणसं काम करत असताना.

सगळ्यांत मोठी धूळ कोण?

दोनदा कशाला? कारण स्वच्छ खोलीतली सगळ्यांत घाणेरडी वस्तू कोणती, तर माणूस! रागावू नका. आपल्या कातडीचे सूक्ष्म पापुद्रे सारखे गळत असतात. चालणारं, हात हलवणारं माणूस मिनिटाला लाखो कण हवेत सोडतं. म्हणून आत जाणारा डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला असतो, फक्त डोळे दिसतात, त्यांवरही चष्मा. आत कुणी धावत नाही, मोठ्याने हसत नाही, हातवारे करून गप्पा मारत नाही. सगळे कसे पाण्यात चालल्यासारखे सावकाश चालतात.

हा पोशाख चढवण्याचीही परीक्षा असते. पोशाख जमिनीला लागता कामा नये. सूक्ष्मजीव विभागातल्या ताई पोशाखाच्या छातीवर, बाहीवर आणि हातमोज्याच्या बोटांवर जंतूंना आवडेल असं खाद्य असलेली बशी टेकवतात. खोलीतही अशा बशा उघड्या ठेवतात, फार तर चार तास. मग त्या बशा उबवायच्या आणि वाट पाहायची. जंतू असेल तर काही दिवसांत त्याचं ठिपक्याएवढं गाव वसलेलं दिसतं.

आणि शेवटी रंगीत तालीम! औषधाच्या जागी जंतूंना पोसणारा रस घ्यायचा आणि खऱ्यासारखंच सगळं करायचं. तीच माणसं, तीच यंत्रं, तेवढाच वेळ. मध्ये जेवणाची सुट्टी, पाळीबदल, यंत्र अडकलं तर ते सोडवणंसुद्धा. मग या बाटल्या चौदा दिवस उबवतात. एकही गढूळ व्हायला नको. एक जरी बाटली गढूळ झाली, तरी सगळ्यांना शोध घ्यावा लागतो, की हे कुठून आलं.

आणि शोध लागणार कसा? फिल्टर बोलत नाही, पंखा बोलत नाही. कुणीतरी माणसानेच सांगायला हवं, "तिसऱ्या तासाला माझा हातमोजा फाटला होता", "माझ्या हातून चिमटा पडला होता". असं काही घडलं, की ते लगेच बोलायचं आणि कागदावर लिहायचं, हा कारखान्यातला नियम असतो. लिहिणाऱ्यावर सगळे तुटून पडले, तर पुढच्या वेळी तो लिहिणार नाही. म्हणून शहाणे वरिष्ठ आधी "बरं झालं सांगितलंस" म्हणतात आणि मग काय करायचं ते ठरवतात. काम करणारा एक, तपासणारा दुसरा आणि सही करणारा तिसरा, अशी विभागणी असते. आपलाच पेपर आपणच तपासायचा नाही!

हे सगळं काटेकोर का, याचं अलीकडचं उदाहरण देतो. २०२३ साली अमेरिकेत डोळ्यांत घालायच्या दूषित थेंबांची बातमी गाजली. त्या साथीत ८१ जणांना जंतुसंसर्ग झाला, १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. ते थेंब आपल्या देशात बनलेले होते. त्याच वर्षी डिसेंबरात भारत सरकारने औषध कारखान्यांसाठीचे 'शेड्यूल एम' हे नियम सुधारून अधिक कडक केले. मालकोवालला सव्वाशे वर्षं होत आली, तरी तो धडा जुना झालेला नाही.

धुळ्याच्या वाटेवर

आता जळगाव सोडू या. केळीच्या वेफर्सचं एक पाकीट घ्या आणि धुळ्याच्या एस.टी.त बसा. एरंडोल, पारोळा करत सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता. धुळ्याकडे सरकू लागलात, की कानांवर अहिराणी पडू लागते. "कथा चालना रे भाऊ?" असं कुणी विचारलं तर गोंधळू नका. "कुठे निघालास?" एवढंच त्याचं म्हणणं आहे.

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेला तापी ओलांडली, की शिरपूर लागतं. तिथे १९९२ साली आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय सुरू झालं. औषध बनवायचं आणि तपासायचं कसं, हे या भागातली मुलंमुली घराजवळच शिकू लागली. 

पण आपला शेवटचा मुक्काम शिरपूर नव्हे, धुळे शहर. इथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळे जिल्ह्यातले आणि आसपासच्या आदिवासी पाड्यांवरचे लोक अशा सरकारी रुग्णालयात येतात. कुणाला जुलाबाने पार गळून आणलेलं असतं, कुणाला साप चावलेला असतो. खाटेशेजारी सळईला सलाइनची बाटली टांगलेली असते आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी नसेत उतरत असतं.

तोंडावाटे पोटात काही गेलं, तर पोटातलं आम्ल पुष्कळ जंतू मारतं. पण नसेत जे जातं, ते थेट रक्तात! तिथे पहारेकरी कमी. म्हणूनच त्या बाटलीचा पहारा कारखान्यात, ती भरली जाते तेव्हाच करावा लागतो. खाटेजवळ बसलेल्या आईला ती बाटली उघडून बघता येत नाही. बघितली तरी जंतू दिसणार नाहीत. तिने फक्त विश्वास ठेवायचा. आणि हा विश्वास छतावर धुकं सोडणारे दादा, खाली नळी फिरवणारे भाऊ, बशा मांडणाऱ्या ताई आणि "माझा हातमोजा फाटला" असं वेळेवर सांगणारा नवखा मुलगा, या सगळ्यांनी मिळून कमावलेला असतो.

घरी करून पाहा

एक : घरातलं कुठलंही औषधाचं पाकीट किंवा बाटली घ्या आणि तिच्यावर 'बॅच नंबर' कुठे छापला आहे ते शोधा. त्या एका नंबरावरून कारखान्यात सापडतं, की हे औषध कुठल्या दिवशी, कुठल्या खोलीत, कुणी भरलं आणि कुणी तपासलं. मालकोवालच्या वेळी हे एकोणीस जण एकाच बाटलीचे, हे कळलं तेही बाटल्यांवर नंबर होते म्हणूनच!

दोन : दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावा आणि एका फटीतून उन्हाची तिरीप आत येऊ द्या. तिच्यात नाचणारे कण दिसतील. आता चादर झटका आणि पुन्हा पाहा. किती मिनिटांनी पहिल्याइतके कमी होतात, घड्याळ लावून मोजा. हीच खोलीच्या परीक्षेतली एक चाचणी, तुमच्या घरातली.

तीन : मोठ्यांना जवळ बोलावून एक उदबत्ती लावा आणि किंचित उघड्या दाराच्या फटीशी धरा. धूर आत ओढला जातो की बाहेर ढकलला जातो? पंखा चालू-बंद करून पाहा. यासाठी दोघं हवेत. एकाने उदबत्ती धरायची, दुसऱ्याने पंख्याचं बटण सांभाळायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. मनासारखं उत्तर आलं नाही, तरी जे दिसलं तेच लिहा हं. खोलीची परीक्षा घेणारे दादा आणि ताई तेच करतात.